वर्ध्यापासून महिला फुटबॉल लीग किती लांब?
भारतीय महिला फुटबॉल लीगच्या पहिल्या हंगामाची अंतिम फेरी २०१७ साली दिल्लीत झाली. नाव लीगचं, पण प्रत्यक्षात थोड्या दिवसांत, एकाच शहरात उरकलेली स्पर्धा. आपापल्या मैदानावर आणि परगावी, असे सामने २०२३-२४ मध्ये सुरू झाले. त्याच हंगामात दुसरी श्रेणीही आली. वर्ध्याच्या मुलींच्या दृष्टीने मोलाची आहे ती ही खालची पायरी. प्रेक्षक नसताना खर्च कशाला, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण गावात सामनाच नसेल तर प्रेक्षक यावेत कुठून? कोल्हापूरचा महिला संघ लीगपर्यंत पोहोचला, कारण तिथल्या पेठांमध्ये फुटबॉल आधीच मुरलेला होता. विदर्भात कामठीलाही या खेळाचं जुनं वेड आहे. तेव्हा वर्धा, नागपूर, कामठी अशी मुलींची वार्षिक साखळी स्पर्धा अशक्य नाही. प्रवासही फार नाही.