कुत्र्याची भाकर

आमच्या वऱ्हाडात पहिली भाकर गाईची आणि शेवटची कुत्र्याची, अशी रीत होती. माझ्या लहानपणी कौंडण्यपुरात आमच्या घरीही ती शेवटची भाकर व्हायची. परातीतलं शेवटचं पीठ, हातानं जाडसर थापलेलं. अम्मी ती ताकात कुस्करून अंगणातल्या खापरात घालायची. ते उरलंसुरलं नव्हतं. त्याच्यासाठी केलेलं होतं. आज मला या फरकाबद्दल बोलायचंय.

मुसलमानाच्या घरी कुत्रा कसा, असं काहींना वाटेल. आमच्या नात्यातल्या एका बुजुर्गांनाही वाटायचं. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, असं ते म्हणत. अम्मी म्हणायची, तो घरात आहेच कुठं, तो तर वावरात असतो. शेताच्या, गुरांच्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी कुत्रा पाळायची मुभा आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वर्धेकाठच्या पिकात रानडुकरं आणि रोही शिरतात. कुत्र्याशिवाय जागली करून बघा! त्याच्या लाळेची बाट नको म्हणून खापर तेवढं वेगळं. आणि हदीसमधली एक गोष्ट ती आम्हाला सांगे. तहानेनं विहिरीभोवती फिरणाऱ्या कुत्र्याला एका बदनाम बाईनं आपल्या पायताणानं पाणी काढून पाजलं, तेवढ्यावर अल्लाहनं तिला माफ केलं.

दुसरी गोष्ट मी कीर्तनात ऐकली. आमचं गाव रुक्मिणीचं माहेर, आषाढीला इथून पंढरपूरला पालखी जाते. भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ती ही गोष्ट. आजचा पशुवैद्य मात्र त्यांना वाटेत गाठून म्हणेल, महाराज, तूप जपून! फार स्निग्ध खाण्यानं कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते.

आता चुली गेल्या आणि शेवटची भाकरही गेली. कुत्र्यापुढे पडतो तो रस्सा, पुलाव, पंगतीतलं उष्टं. गावातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा राखणीचा कुत्रा शिजवलेल्या कोंबडीचं हाड खाऊन गेला. शिजवलं की हाड ठिसूळ होतं, त्याच्या अणकुचीदार ढलप्या होतात आणि आतड्यात रुततात. उभं सोयाबीन होतं. पुढे कितीतरी रात्री तो माणूस एकटाच टिनाचा डबा बडवत वावरात बसला.

कांदा-लसूण तर आपल्या प्रत्येक भाजीत. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात, शिजवला तरी. परिणाम काही दिवसांनी दिसतो, म्हणून कांद्यावर कोणी संशय घेत नाही. द्राक्षं आणि किसमिस यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणजे ईदचा शीरखुर्मा आणि पूजेचा शिरा, दोन्ही त्याला सारखेच वर्ज्य; इथं हिंदू-मुसलमान भेद नाही. चॉकलेटही नको. आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्या, च्युइंगम तर मुळीच नको.

मग द्यायचं काय? आमच्या घरी आजही जवारीच्या कण्या शिजतात. एक वाटी कण्या, चार वाट्या पाणी, कोहळ्याच्या फोडी. आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. गिच्च शिजलं की उकडलेलं अंडं किंवा हाडं काढून कोंबडी कुस्करायची. मीठ, तिखट, फोडणी काही नाही. कोमट झालं की वाढायचं. खाऊ हवा असेल तर जवारीचं पीठ, कोहळ्याचा गर आणि अंडं एकत्र मळून लहान चकत्या तव्यावर मंद आचेनं कडक भाजाव्यात. एकदा धाकट्या भाच्यानं त्यातल्या दोन खाल्ल्या आणि मामीला म्हणाला, मीठ टाकायचं राहिलं.

धान्य कुत्र्याला चालतं का, असं शहरातले लोक विचारतात. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की, पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त आहेत. माणसासोबत राहून तो आपलं अन्न पचवायला शिकला. तरी नुसत्या भाकरीवर त्याचं भागत नाही. मांस-अंडी हवीत आणि कॅल्शियमही हवं. किती, ते पशुवैद्याला विचारूनच ठरवावं.

मोकाट कुत्र्यांना मात्र वाट्टेल तिथं घालू नये. जिथं अन्न पडतं तिथं झुंड जमते आणि शाळेत जाणारी पोरं त्याच वाटेनं जातात. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं रस्त्यांवर खाऊ घालायला मनाई केली आणि पालिकांना त्यासाठी जागा ठरवून द्यायला सांगितलं. नसबंदी आणि रेबीजची लस हवीच. त्याशिवाय नुसतं खाऊ घालणं म्हणजे अर्धं काम.

आमच्याकडे कार्तिकात यात्रा भरते. जेवणावळी उठतात, पत्रावळींचे ढीग पडतात. ओळखीच्या एका आचाऱ्याला मी दरसाल सांगतो, फोडणी पडायच्या आधी एक घमेलं भात बाजूला काढ, आपण वस्तीपासून लांब नेऊन ठेवू. तो हसतो. ‘कवीसाहेब, आता कुत्र्यायचंही पान मांडाचं काय?’ घमेलं मात्र भरून ठेवतो.