घराभोवतीची बाग : मे महिन्यात टिकेल तीच लावावी
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

वस्तीवर पक्के घर झाले की पुढे थोडी हिरवळ आणि चार फुलझाडे असावीत असे आता अनेकांना वाटते. ही हौस योग्यच आहे. मात्र रोपवाटिकेत आपण जातो जुलैमध्ये, आणि त्या वेळी सगळीच रोपे टवटवीत दिसतात. खरी परीक्षा होते ती मे महिन्यात, विहिरीचे पाणी तळाला गेल्यावर. म्हणून सोलापूर, अहिल्यानगर, सांगलीचा पूर्व भाग किंवा मराठवाडा अशा कमी पावसाच्या भागात पहिला प्रश्न एकच विचारावा : मे महिन्यात या बागेला मी किती पाणी देऊ शकेन?

हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. भर उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवण्यास रोज साधारण ५ ते ६ मिलिमीटर पाणी लागते. १ गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. म्हणजे गुंठाभर हिरवळीला रोज ५०० ते ६०० लिटर पाणी झाले. दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला ६०-७० लिटर पिण्याचे पाणी धरले, तर ही आठ म्हशींची तहान आहे. तेव्हा ओट्यासमोर बसण्यापुरती २०-२५ चौरस मीटर हिरवळ पुरे. उरलेल्या जागेत काटक, बहुवर्षायू झाडे लावावीत.

हिरवळीसाठी सर्वांत काटक गवत म्हणजे आपली हरळी. पाणी तोडले तर ती वाळल्यासारखी दिसते, पण जमिनीतील काशा जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतात. आपण म्हणाल, जी हरळी खणून काढण्यात जन्म गेला तीच दारात लावायची? शंका रास्त आहे. म्हणून हिरवळीच्या कडेने फूटभर खोल चर घेऊन त्यात विटा किंवा फरशी उभी बसवावी आणि कडेवरून बाहेर येणारे धुमारे वरचेवर कापावेत. बांध अगदी जवळ असेल तर मेक्सिकन लॉन या नावाने मिळणारे गवत बरे. ते दाट आणि हळू वाढते, कापणीही कमी लागते. हरळीला पूर्ण ऊन हवे. झाडाखाली ती विरळ होते.

जमीन उन्हाळ्यात ९ इंच ते १ फूट खणून तापू द्यावी. लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. चौरस मीटरला ५ किलो कुजलेले शेणखत मिसळून, जमीन सपाट करून पाऊस स्थिरावताच ४ ते ६ इंचांवर काड्या टोचाव्यात. उन्हाळ्यात गवत थोडे उंच ठेवावे आणि एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये.

आता फुलझाडे. बोगनवेल एकदा मुळावली की पाण्याचा ताण सोसते. किंबहुना ताण दिल्यावरच भरभरून फुलते. पांढरा चाफा खोडात पाणी साठवतो. त्याची फांदी लावण्यापूर्वी चार-आठ दिवस सावलीत सुकवावी, म्हणजे ती कुजत नाही. तगर, सदाफुली आणि कोरफडही कमी पाण्यावर तग धरतात. मोगऱ्याला हिवाळ्यात पाणी तोडून जानेवारीअखेर छाटणी करावी व नंतर खतपाणी द्यावे, म्हणजे उन्हाळ्यात कळी चांगली धरते. काळ्या भारी जमिनीत ही झाडे उंचवट्यावर लावावीत. उन्हापेक्षा पावसाळ्यात साचणारे पाणीच त्यांना लवकर मारते.

काटक म्हणून काहीही लावू नये. कण्हेर पाण्याविना जगते, परंतु तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ पडल्या तर जनावर दगावू शकते. ज्या घरी गुरे व लहान मुले आहेत तेथे कण्हेर टाळावी. घाणेरीही गुरांना विषारी असून पक्ष्यांमार्फत ती बांधावर पसरते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो, तोच कपाशीवरही जातो. म्हणून कपाशीच्या शेताला लागून जास्वंद नको.

पहिली दोन वर्षे मात्र काटक झाडालाही जपावे लागते. रोज शिंपडा देण्याऐवजी चार-पाच दिवसांनी आळे भरून पाणी द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. आळ्यात उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला २ ते ३ इंच पसरावा. पाणी संध्याकाळी किंवा भल्या सकाळी द्यावे.

टंचाई आलीच तर प्रथम हिरवळीचे पाणी तोडावे. हरळी पुन्हा येईल. वाळलेले झाड परत येत नाही. गुरांच्या आणि घरच्या पाण्याला हात न लावता जी बाग मे महिना काढते, तीच आपल्या दाराची खरी शोभा.