तारेच्या चाकाचा टायर : निवड आणि बसवणूक

(दुचाकीवर फिरून काम करणाऱ्या कामगारांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

साथींनो,

आपल्यापैकी कोणी औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे, कोणी कुरिअर वाटतो, कोणी वीजमीटर वाचतो, तर कोणी मोबाईलवरच्या ऑर्डरप्रमाणे घरोघर जेवण पोचवतो. कामे वेगवेगळी, पण सर्वांचे हत्यार एकच : मोटारसायकल. कारखान्यातल्या कामगाराचे यंत्र मालकाचे असते व त्याची देखभालही मालक करतो. आपले यंत्र मात्र बहुतेक ठिकाणी आपणच हप्त्यावर घेतलेले असते. ते बिघडले तर खर्च आपला, आणि घसरले तर हाडेही आपलीच. म्हणून आज आपण त्या यंत्राच्या एकाच भागाविषयी बोलणार आहोत. तो भाग म्हणजे टायर, आणि तोही तारेच्या चाकाचा. अलॉय चाके आता सर्रास दिसत असली तरी कामाच्या जुन्या गाड्या आजही मोठ्या प्रमाणावर तारेच्याच चाकांवर धावतात.

पहिला प्रश्न : टायर बदलायचा केव्हा? टायरच्या बाजूला लहान त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरे असतात. त्या खुणेच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा बारीक उंचवटा असतो. नक्षी झिजत त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. 'अजून महिनाभर चालेल' हा हिशेब कोरड्या रस्त्यावर कदाचित जमेल. पावसात जमणार नाही, कारण चाकाखालचे पाणी बाहेर काढण्याचे काम त्या खाचाच करतात. नक्षी शिल्लक असली तरी बाजूला भेगा पडल्या असतील, फुगवटा आला असेल किंवा आतले धागे दिसत असतील, तर तो टायर उतरवलाच पाहिजे. गुळगुळीत टायरवर गरम हत्याराने नव्या खाचा पाडून तो स्वस्तात विकतात. त्या खाचा उरल्यासुरल्या रबरातच कोरलेल्या असतात. असा टायर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

आता निवडीकडे वळू. शंभर सीसीच्या जुन्या गाड्यांवर २.७५-१८ असे माप दिसते. टायरची रुंदी पावणेतीन इंच आणि रिमचा व्यास अठरा इंच, असा त्याचा अर्थ. नव्या पद्धतीत ८०/१००-१८ असे लिहितात. यात ८० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, १०० म्हणजे रुंदीच्या शंभर टक्के उंची, आणि १८ म्हणजे तोच रिमचा व्यास. मापापुढे एक आकडा व एक अक्षर असते. आकडा वजनाचा असतो : ४२ म्हणजे १५० किलो, ४८ म्हणजे १८० किलो. अक्षर वेगाचे असते : पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. आपल्याला वेगापेक्षा वजनाचा आकडा महत्त्वाचा. मागे पेटी, पेटीत माल आणि वर आपण स्वतः. हा सगळा भार मुख्यतः मागच्या टायरवर येतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापेक्षा कमी आकड्याचा टायर दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी घेऊ नये.

जाड टायर दिसायला भारदस्त, म्हणून काही जण एक माप वरचा बसवतात. अरुंद रिमवर रुंद टायर नीट बसत नाही, वळणावर गाडी डगमगते, टायर चेनला किंवा मडगार्डला घासतो आणि पेट्रोलही जास्त जाते. पुस्तिकेत दिले आहे तेच माप घ्यावे. आयएसआय चिन्ह आहे ना, हे पाहावे. बाजूला चार आकड्यांची तारीख असते : २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. दुकानात वर्षानुवर्षे पडून कडक झालेला टायर नवा म्हणून गळ्यात मारला जाऊ नये, एवढ्यासाठी ती वाचायची.

ट्यूबलेस टायर का नको, असे आपले तरुण साथी नेहमी विचारतात. तारेच्या साध्या रिमला प्रत्येक तारेच्या निपलसाठी भोक असते. त्या भोकांतून हवा निघून जाणार, म्हणून तिथे ट्यूब लागतेच. नवा टायर घेताना ट्यूबही नवी आणि त्याच मापाची घ्यावी. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते. नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि त्या घडीवरच ती फाटते. ट्यूब फुटली की हवा एकदम जाते, आणि चालत्या गाडीवर ते जिवावर बेतू शकते.

आता बसवणूक. हे काम आपण पंक्चरवाल्याकडे करून घेतो, पण उभे राहून काय पाहायचे ते माहीत असले पाहिजे. चाक काढण्यापूर्वी चेन ताणण्याच्या खुणा दोन्ही बाजूंना कुठे आहेत ते बघून ठेवावे. सगळी हवा काढून, वॉलपिन काढून मगच टायरची कड सोडवावी. टायर निघाला की रिम रिकामी दिसते. तपासणीची खरी वेळ तीच. गंज खरवडून काढावा. एखाद्या तारेचे टोक निपलमधून वर आले असेल तर ते कानशीने घासून सपाट करावे. त्यावर रबरी रिमपट्टी नीट बसवावी. ती कुजली असेल तर बदलावी. थोड्या पैशांची ही पट्टी ट्यूबला तारांपासून वाचवते. तारा एकेक करून वाजवून पाहाव्यात. ढिली तार बद्द आवाज करते. ढिल्या तारा असतील तर चाकाचा आऊट काढून घ्यावा.

टायरवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरते त्या दिशेला हवा. कडेला साबणाचे पाणी लावावे, ग्रीस किंवा ऑईल कधीही नाही. एक कड रिममध्ये गेली की ट्यूबमध्ये आकार येईल इतपत हवा भरून ती आत सरकवावी. दुसरी कड वॉलच्या समोरच्या बाजूने सुरू करून वॉलपाशी संपवावी. आधी बसलेली कड गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली, तर शेवटच्या तुकड्यालाही जोर लागत नाही. जोर लावावा लागतो आहे याचा अर्थ पलीकडची कड खोलात गेलेली नाही. तिथे लिव्हर दामटली की ट्यूब चिमटते. शेवटी वॉल आत ढकलून ट्यूब कडेखाली अडकली नाही ना, हे पाहावे. हवा भरावी, पूर्ण सोडावी आणि पुन्हा भरावी, म्हणजे ट्यूबच्या घड्या मोडतात. टायरवरची बारीक गोल रेषा रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की टायर सरळ बसला. चेनच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आल्या पाहिजेत, एक्सलची नट घट्ट हवी आणि निघण्यापूर्वी ब्रेक दाबून पाहावा. हवा टायर थंड असताना पुस्तिकेप्रमाणे भरावी. सुरुवातीचे शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवावे, कारण नव्या रबराचा पृष्ठभाग निसरडा असतो.

साथींनो, हे सारे माहीत असूनही आपण झिजलेल्या टायरवर का फिरतो? खिशात पैसे नसतात म्हणून. एक दिवस गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते, म्हणून. किलोमीटरमागे मिळणारा भत्ता अनेकदा पेट्रोलच्या भावावर मोजला जातो. टायर, ट्यूब, चेन यांची झीज त्यात धरलीच जात नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' हे शब्द कायद्यात आले. पण टायर कोणाच्या पैशाने बदलायचा, हा प्रश्न शब्दाने सुटत नाही. तो हिशेब मांडून आणि संघटनेच्या बळावरच सुटेल.

हिशेब अवघड नाही. समजा टायर, ट्यूब व मजुरी मिळून दोन हजार रुपये झाले आणि टायर वीस हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरला दहा पैसे त्या एका टायरचेच झाले. दिवसाला शंभर किलोमीटर फिरणाऱ्याचे रोज दहा रुपये रस्त्यावर झिजतात. पुढचा टायर, चेन, ब्रेकशू आणि ऑईल यांचा हिशेब वेगळा. प्रत्येकाने एक वही ठेवावी. टायर बसवल्याची तारीख, मीटरचा आकडा आणि बिल त्यात लावावे. शाखेत अशा पन्नास वह्या जमल्या की मागणीपत्रातल्या आकड्याला आधार येतो, आणि वाटाघाटीत 'हे कुठून आणले' असे विचारणाऱ्याच्या पुढे बिले ठेवता येतात.

तोवर दर रविवारी पाच मिनिटे काढा. हवा, खाचा, भेगा आणि तारा एवढेच पाहा. पावसाळ्यापूर्वी शाखेतल्या सर्व गाड्यांचे टायर एकत्र तपासण्याचा कार्यक्रम ठेवा. ज्याच्याकडे टायरला पैसे नसतील त्याला शाखेच्या मदतनिधीतून उचल द्या. भत्त्याची लढाई आपण लढूच, पण ती लढण्यासाठी प्रत्येक साथी रोज संध्याकाळी धडधाकट घरी पोचला पाहिजे.