मॉस्कोचा हुकूम व गांवचें पेंव



आज मी युक्रेनची हकीकत सांगणार आहें. ती धान्याची आहे, म्हणून आपण शेतकऱ्यांनीं ती नीट ऐकावी.

युक्रेन हा तेव्हां सोव्हिएट संघांतला काळ्या मातीचा, गव्हाचा मुलूख होता. १९२४ च्या घटनेनें त्याला संघांतून फुटून निघण्याचाहि हक्क कागदावर दिला होता. मंत्री निराळे, पक्षाचा चिटणीसहि निराळा. परंतु त्या चिटणीसाची खुर्ची गांवानें दिलेली नव्हती. ती मॉस्कोंतून स्टॅलिनकडून आलेली होती. सारी मेख इथेंच आहे.

१९३१ चें पीक वसुलींत गेलें आणि १९३२ च्या वसंतांत गांवें उपाशी पडलीं. मुख्य प्रधान चुबार व पेत्रोव्स्की ह्यांनीं जूनमध्यें मॉस्कोला पत्रें लिहून मदत मागितली. उत्तर काय आलें? जुलैंत मोलोतोव्ह व कागानोविच खार्कोव्हला आले आणि ३५ कोटी ६० लक्ष पुडांचा वसूल झालाच पाहिजे, असें बजावून गेले. पूड म्हणजे सुमारें १६ किलो. पुढें थोडी सूट दिली, ती पुरी पडली नाहीं. ऑगस्टमध्यें तर चिटणीस कोसियोर व चुबार ह्यांना काढावें, नाहीं तर युक्रेन हातचा जाईल, असें स्टॅलिननें कागानोविचला लिहिलें.

मग ह्या पुढाऱ्यांनीं काय केलें? खुर्ची राखण्यासाठीं गांवावर जप्ती आणली. वसूल न देणारें गांव काळ्या यादींत. तेथें मीठ, काडेपेटीहि विकत मिळेना. जानेवारी १९३३ त शेतकऱ्यानें युक्रेनबाहेर जाऊं नये असा हुकूम सुटला, आणि कोसियोरच्या शेजारीं पोस्टिशेव्ह हा मॉस्कोचा माणूस आणून बसविला. त्या दुष्काळांत तेथें सुमारें ३५ ते ४० लक्ष माणसें मेलीं, असा अनेक इतिहासकारांचा अंदाज आहे.

कोसियोर, चुबार व पोस्टिशेव्ह ह्या तिघांनाहि फेब्रुवारी १९३९ मध्यें गोळी घालण्यांत आली. ज्या धन्यासाठीं त्यांनीं गांव मारलें, त्यानें त्यांना तरी कुठें राखलें?

कोणी म्हणेल, तें राज्य तर कष्टकऱ्यांचें होतें! नांव कष्टकऱ्यांचें होतें खरें. पण चुबारनें मदत मागितली तेव्हां त्याच्या पाठीशीं एकहि गांव उभें राहूं शकलें नाहीं; कारण गांवाला दुसरा उमेदवार नव्हता, दुसरें वर्तमानपत्र नव्हतें. तेव्हां मंडळी, पुढारी दारीं आला म्हणजे त्याच्या झेंड्याचा रंग मागाहून पाहा. त्याला खुर्चीवरून कोण उठवूं शकतो, तें आधीं विचारा.