दामदुप्पटीचा नवा वेष

(कार्यकर्ता शिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



आभासी चलनाच्या नावाने पैसा गोळा करणारी माणसे गावात येतात, तेव्हा ती प्रथम पेढीवाल्याकडे जात नाहीत. ती जातात निवृत्त शिक्षकाकडे, पतपेढीच्या माजी संचालकाकडे, भिशी चालवणाऱ्या बाईंकडे आणि पुष्कळदा एखाद्या संघटनेच्या कार्यकर्त्याकडे. या माणसांजवळ पैसा बेताचाच असतो. पण त्यांच्या शब्दावर चार घरे विश्वास ठेवतात. योजनावाल्याला हवा असतो तो हा शब्द. एकदा तो मिळाला की उरलेली वसुली आपोआप होते. तेव्हा कार्यकर्त्याने हा विषय समजून घ्यायचा तो केवळ स्वतःची पुंजी वाचवण्यासाठी नव्हे. आपले नाव कोणी तारण म्हणून वापरीत तर नाही ना, हे ओळखण्यासाठी.

संगणकाची परिभाषा कानावर पडली की शहाणीसुरती माणसेही गप्प बसतात. 'हे आपल्याला कळणारे नव्हे' अशी एक शरणागती त्या मौनात असते आणि सारा व्यवहार तिच्यावरच चालतो. वस्तुतः मूळ गोष्ट अवघड नाही. एखादी मंडळी जाहीर करते, की आपण संगणकाच्या जाळ्यावर एक नवा उद्योग उभारणार आहोत. त्यासाठी ती स्वतःचे एक नाणे, म्हणजे 'टोकन', काढते आणि उद्योग उभा राहण्यापूर्वीच ते लोकांना विकते. अशी विक्री सर्वच वेळी लबाडीची असते असे नाही. इथेरियम या आज जगभर चालणाऱ्या व्यवस्थेसाठीही २०१४ मध्ये अशाच विक्रीतून पैसा उभा राहिला होता. परंतु कंपनीचा भाग घेणाऱ्यामागे कायदा उभा असतो, माहितीपत्रक असते, हिशेब मागण्याचा हक्क असतो. टोकन घेणाऱ्याच्या हाती बहुधा एकच कागद येतो. त्याला 'व्हाइट पेपर' म्हणतात. आपल्याकडे श्वेतपत्रिका सरकारने काढावी असा संकेत आहे; इथे ती कोणीही काढतो.

२०१७ साली या विक्रीला जगभर उधाण आले. पुढच्या वर्षी 'वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकन दैनिकाने अशी १,४५० व्हाइट पेपर तपासली. त्यांपैकी २७१ योजनांत धोक्याची ठळक चिन्हे आढळली: दुसऱ्याच्या कागदावरून उतरवलेला मजकूर, अस्तित्वात नसलेले संचालक, हमखास परताव्याची आश्वासने. मिरोस्की नावाच्या एका योजनेने तर आपला चित्रकार म्हणून रायन गॉस्लिंग या हॉलीवूडच्या नटाचे छायाचित्र दुसऱ्याच नावाने छापले होते. सेंट्रा टेक या कंपनीने २०१७ मध्ये सुमारे अडीच कोटी डॉलर जमवले. तिचा मुख्याधिकारी काल्पनिक होता, आणि ज्या व्हिसा व मास्टरकार्ड कंपन्यांशी करार झाल्याचे ती सांगत होती, त्यांच्याशी तिचा काहीच संबंध नव्हता. मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदर याने मात्र पैसे घेऊन, आणि ते घेतल्याचे न सांगता, तिची जाहिरात केली. ही बाब उघड होऊन त्याला पुढे दंड भरावा लागला. चेहरा कोणाचा आहे, हुद्दा काय आहे, करार कोणाशी आहे, हे तपासायला संगणकशास्त्र लागत नाही. ज्या कंपनीचे नाव घेतले जाते तिला एक पत्र टाकले तरी पुरते.

परंतु चेहरे खरे असले आणि कागद देखणा असला म्हणजे योजना खरी ठरत नाही. मुख्य प्रश्न एकच असतो: परतावा येतो कुठून? या प्रश्नाचे एक जुने व बोधप्रद उदाहरण १९२० सालच्या बॉस्टनचे आहे. चार्ल्स पाँझी पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के देत असे. एका देशात स्वस्तात घेतलेली टपालाची आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपने दुसऱ्या देशात अधिक किमतीच्या तिकिटांत बदलून आपण नफा काढतो, असे तो सांगे. हे तत्त्वतः अशक्य नव्हते; लोकांना पटले ते त्यामुळेच. क्लॅरेन्स बॅरन या अर्थविषयक पत्रकाराने साधा हिशेब मांडला. पाँझीने गोळा केलेल्या रकमेला सोळा कोटी कूपने लागली असती, आणि चलनात होती सुमारे सत्तावीस हजार. म्हणजे कूपनांचा धंदा नव्हताच. नंतर येणाऱ्यांचा पैसा आधी आलेल्यांना व्याज म्हणून वाटला जात होता.

आता हाच हिशेब बिटकनेक्टला लावून पाहावा. त्या योजनेचा संस्थापक सुरतचा. आपल्याजवळ बाजारातील चढउतारांतून नफा काढणारे एक स्वयंचलित यंत्र, म्हणजे 'ट्रेडिंग बॉट', आहे असा तिचा दावा होता. तिच्या संकेतस्थळावर रोज सरासरी एक टक्का परतावा दाखवला जाई. एक टक्का म्हटले की रक्कम किरकोळ वाटते. पण रोज एक टक्का चक्रवाढीने धरला, तर दहा हजार रुपयांचे वर्षाअखेर पावणेचार लाखांहून अधिक होतात, दुसऱ्या वर्षाअखेर सुमारे एक कोटी बेचाळीस लाख, आणि तिसऱ्या वर्षाअखेर जवळजवळ चोपन्न कोटी. ज्याच्याजवळ असे यंत्र आहे तो परक्याच्या दहा हजारांसाठी सभा का भरवील? किसान विकास पत्रात रक्कम दुप्पट व्हायला २०२३ च्या दराप्रमाणे ११५ महिने लागतात, हे ध्यानात ठेवले तर या आकड्यांचे खरे रूप दिसते. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील टेक्सास व नॉर्थ कॅरोलिना या राज्यांनी मनाई हुकूम काढले आणि बिटकनेक्टने दुकान मिटले. तिच्या नाण्याची किंमत पाहता पाहता नव्वद टक्क्यांहून अधिक कोसळली. फसवणुकीचा आकडा अमेरिकन सरकारने सुमारे दोन अब्ज चाळीस कोटी डॉलर सांगितला आहे.

जाता जाता एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. दामदुपट हा मुळात ऋणकोला तारणारा नियम. थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक मागता येऊ नये, असे धर्मशास्त्र सांगे आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयेही ते मानीत. ज्या शब्दाने सावकाराचा हात अडवला जाई, तोच शब्द आज गरिबाच्या खिशात हात घालणाऱ्यांच्या फलकावर आहे!

महाराष्ट्राला या प्रकरणांतले सर्वांत जवळचे म्हणजे गेनबिटकॉइन. पुण्यात त्याचे गुन्हे नोंदले गेले आणि मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत लोकांनी बाजारातून बिटकॉइन घेऊन कंपनीकडे द्यायचे होते. कंपनी दूर कुठेतरी यंत्रे लावून नवी बिटकॉइन 'खणणार' आणि अठरा महिने दरमहा दहा टक्के बिटकॉइनच परत देणार, असा वायदा होता. आरंभी हप्ते वेळेवर आले. हे नीट लक्षात घ्यायला हवे. हप्ता मिळाला म्हणून योजना खरी, असे म्हणणाऱ्यांनीच शेजाऱ्यांना आणले. आणि शेजाऱ्याला आणले म्हणून त्यांना दलाली मिळाली. २०१७ च्या सुमारास नवे लोक येणे मंदावले. तेव्हा कंपनीने कोणालाही न विचारता बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' हे आपल्या घरचे नाणे द्यायला सुरुवात केली. त्याची किंमत बिटकॉइनच्या मानाने नगण्य होती. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्याप्रमाणे गोळा झालेल्या बिटकॉइनची किंमत २०१७ सालीच ६,६०० कोटी रुपये होती.

बिटकनेक्टनेही दुकान मिटताना लोकांची कर्जाऊ रक्कम स्वतःच्या नाण्यातच 'परत' केली होती. दोन्हीकडे घेताना खरे नाणे घेतले आणि देताना घरचे दिले. जत्रेतला पाळणेवाला रोख पैसे घेऊन आपल्या पाळण्याची चिठ्ठी देतो, आणि जत्रा उठली की ती चिठ्ठी रद्दी होते. तसाच हा प्रकार. ज्या दिवशी परताव्याचे नाणे बदलते, मुदत वाढवली जाते, पैसे काढायला 'तांत्रिक अडचण' येते, त्या दिवशी वाट पाहण्याचे कारण उरत नाही. पण नेमक्या त्याच दिवशी दलाल म्हणतो, थोडे आणखी भरा म्हणजे अडकलेले सुटतील; आणि माणसे भरतात.

वनकॉइनची कथा आणखी विलक्षण आहे. रुजा इग्नातोव्हा या बाईंनी २०१४ मध्ये बल्गेरियातून ही योजना चालू केली. आभासी चलनाचा जो सार्वजनिक खतावणीवजा आधार असतो, ज्याला ब्लॉकचेन म्हणतात, तो वनकॉइनला नव्हताच. नाण्याचा भाव कंपनीच ठरवी. तो अर्ध्या युरोपासून जवळजवळ तीस युरोंपर्यंत चढत गेला. ज्या वस्तूचा भाव विकणाराच ठरवतो आणि जी इतर कुठेही विकता येत नाही, तिला बाजार आहे असे म्हणता येत नाही. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी या योजनेच्या एका सभेवर छापा घालून अनेकांना अटक केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाई बेपत्ता झाल्या. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्यांचे नाव दहा प्रमुख फरारींच्या यादीत घातले. त्यांचा भागीदार कार्ल ग्रीनवुड याला २०२३ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. लोकांचे गेले ते सुमारे चार अब्ज डॉलर. २०२१ मधल्या 'स्क्विड' टोकनची गोष्ट याच जातीची आणि फार छोटी: काही दिवसांत भाव २,८०० डॉलरांवर चढला. घेणाऱ्यांना ते विकता येत नव्हते. मग काढणारे पैसा घेऊन निघून गेले आणि भाव शून्यावर आला.

घाई हेही एक चिन्ह आहे. 'आज रात्री बारापर्यंतच सवलत', 'पहिल्या शंभर जणांनाच' अशी भाषा खऱ्या धंद्याला लागत नाही. अमेरिकेच्या रोखे नियामकाने मे २०१८ मध्ये लोकशिक्षणासाठी मुद्दाम 'हाउईकॉइन्स' नावाची एक खोटी योजना संकेतस्थळावर मांडली होती. तिच्यात उलटी वेळ मोजणारे घड्याळ होते, दिवसागणिक घटणारी सवलत होती, नामवंतांची शिफारस होती. घ्यायला गेलेल्या माणसाला पुढच्याच पानावर सांगितले जाई, की ही योजना खरी असती तर तुम्ही फसला असता.

आपल्याकडे दलाल आणखी एक युक्तिवाद हटकून करतात: सरकार कर घेते, म्हणजे सरकारची मान्यता आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी मालमत्तेच्या नफ्यावर तीस टक्के कर लावला हे खरे. पण कर लावणे म्हणजे वैधता देणे नव्हे, हे अर्थमंत्र्यांनी त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केले. कंपनी निबंधकाकडची नोंद, जीएसटीचा क्रमांक, पॅन, यांतला कोणताही कागद लोकांकडून ठेवी घेण्याचा परवाना नाही. उलट २०१९ च्या केंद्रीय कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांना बंदी आहे. साखळी योजनांना तर १९७८ च्या कायद्यानेच बंदी घातलेली आहे, आणि तो कायदा केवळ योजना काढणाऱ्यापुरता नाही. तीत सभासद होणारा, भाग घेणारा आणि तिच्यासाठी पैसा स्वीकारणाराही त्याच्या कक्षेत येतो. चाळीस घरांतून पैसे आणून देणाऱ्या सज्जन गृहस्थाला 'माझेही बुडाले' एवढे सांगून सुटता येईलच असे नाही.

आणि तक्रारीच्या मार्गात नेमका हाच गृहस्थ आडवा येतो. त्याला तुरुंगाची भीती असते, त्याहून अधिक लाज असते. तो शेजाऱ्यांना म्हणतो, तक्रार केली तर मिळायचेही मिळणार नाही. त्याच्या भिडेपोटी महिने जातात आणि तेवढ्या काळात नाणी दहा हातांतून फिरून जातात. कार्यकर्त्याचे काम इथे सुरू होते. १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे. आर्थिक गुन्हे शाखेकडे जावे. राज्याच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली योजनाचालकांची मालमत्ता जप्त होऊ शकते, म्हणून तक्रारी सुट्या सुट्या न राहता एकत्र याव्यात. पावत्या, बँकेचे उतारे, पाठवलेल्या नाण्यांचे व्यवहार-क्रमांक, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप यांतले काहीही रागाच्या भरात पुसू नये. दलालाला दोष देत बसण्यापेक्षा त्याला साक्षीदार म्हणून उभे करता आले तर अधिक चांगले; त्याच्याजवळ वरच्या माणसांची नावे असतात.

बुडालेल्यांना काही दिवसांनी आणखी एक दूरध्वनी येतो. पैसे परत मिळवून देतो, आधी थोडे शुल्क भरा, असे पलीकडचा माणूस सांगतो. बुडालेल्यांची यादी त्याच्या हाती कशी आली, हे त्याला विचारावे. पुण्याच्या प्रकरणात तर मार्च २०२२ मध्ये अशी वेळ आली, की तपासात मदतीसाठी घेतलेल्या दोघा तज्ज्ञांनाच आभासी चलन परस्पर वळवल्याच्या आरोपावरून पोलिसांना अटक करावी लागली. भारद्वाजचा मृत्यू त्याआधी दोनच महिने झाला होता. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले हे गुन्हे सीबीआयकडे सोपवले. सीबीआयने साठाहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या त्या फेब्रुवारी २०२५ मध्ये. पहिल्या ठेवी दिल्याला तेव्हा दहा वर्षे होत आली होती.