आवाज येतोय का?

(युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण, थोडे संपादित करून)



मला कैद्यांच्या हक्कांवर बोलायला सांगितलं आहे. कायदा सांगेनच, पण आधी घरची गोष्ट. माझा धाकटा भाऊ दोन वर्षं कच्चा कैदी होता. मोहल्ल्यात कुणी विचारलं तर अम्मी सांगायची, "पुण्याला कामाला आहे." ईदलाही त्याला 'सुट्टी' मिळायची नाही. इथे बसलेल्या काहींच्या घरातही असं एखादं 'पुणे' असेल. आज मी त्यांच्यासाठी बोलते आहे.

तुरुंग आमच्या गावापासून दोनशे किलोमीटरवर. मुलाकतीला जायचं म्हणजे अब्बांची दोन दिवसांची मजुरी बुडायची, एसटीचं भाडं वेगळं. जाळीच्या दोन्ही बाजूंना माणसं एकदम ओरडत असायची, कुणाचं कुणाला ऐकू येत नसे. मग एका वकिलांच्या कारकुनाने ई-मुलाकात सांगितली. सरकारच्या नॅशनल प्रिझन्स इन्फॉर्मेशन पोर्टलवर अर्ज भरायचा: आपलं नाव, ओळखपत्र, मोबाईल, ईमेल, कैद्याचं नाव, वडिलांचं नाव, तुरुंग. ओटीपी टाकायचा. तुरुंगाने मंजुरी दिली की वेळ आणि लिंक येते.

पहिल्या वेळी आम्ही सहा जण एका मोबाईलसमोर दाटीने बसलो. दादीने नवी ओढणी घेतली होती. "आवाज येतोय का? दिसतोय का?" यातच निम्मी वेळ गेली. उरलेल्या वेळात सगळे रडले. कॉल बंद झाला तेव्हा कळलं, त्याने काही सांगितलंच नाही, कारण आम्ही काही विचारलंच नाही.

दुसऱ्या वेळी मी कागदावर तीन ओळी लिहिल्या: तब्येत, तारीख, काय हवंय. तारखेचं विचारताच तो म्हणाला, "आपा, मागच्या तीन तारखांना मला कोर्टात नेलंच नाही. पोलीस गार्ड नाही म्हणतात." आम्ही घरी समजत होतो की केस चालू आहे. वकील म्हणायचे, "चालू आहे." त्या एका वाक्यावरून आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो, दुसरे वकील मिळाले, जामिनाचा अर्ज झाला आणि काही महिन्यांनी तो घरी आला. दादी तोवर राहिली नव्हती. तिची शेवटची भेट त्या मोबाईलवरच झाली.

सूरह यूसुफ आपण सगळ्यांनी ऐकली आहे. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम तुरुंगातून सुटणाऱ्या सोबत्याला सांगतात, तुझ्या मालकाकडे माझी गोष्ट काढ. तो बाहेर पडतो आणि विसरतो. यूसुफ आणखी काही वर्षं आतच राहतात. मला नेहमी वाटतं, त्या विसरणाऱ्याच्या मनात वैर नव्हतं. तो आपल्या कामाला लागला, एवढंच. आपणही तेच करतो.

२०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशात ५,७३,२२० कैदी होते. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारांतले तीन. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्यांत मुसलमानांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. त्यात दलित, आदिवासी आणि गरीबही आहेत. हा प्रश्न एका समाजाचा नाही.

निरोप ही मेहेरबानी नाही, हेही लक्षात घ्या. साठच्या दशकात मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले प्रभाकर संझगिरी यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, मराठीत. सरकारने हस्तलिखित बाहेर जाऊ दिलं नाही. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बाहेर पाठवायला लावलं. पुढे १९८१ च्या फ्रान्सिस कोराली मुलिन खटल्यात न्यायालयाने म्हटलं की घरच्यांना आणि वकिलाला भेटणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

इतर देश काय करतात? अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगांत कैदी घरच्यांशी ईमेलसारखे संदेश पाठवतो. फक्त मजकूर, फोटो नाही, आणि प्रत्येक संदेश अधिकारी वाचू शकतात. संगणकावरच्या मिनिटांचे पैसे कैद्याकडून घेतात. तिथल्या अनेक राज्यांत खासगी कंपन्यांनी त्याचा धंदा केला आहे. ब्रिटनमध्ये घरच्यांचा ईमेल तुरुंगात छापून कैद्याच्या हातात देतात. ही साधी सोय आपण मागू शकतो: छापलेला कागद, पैसे न घेता. पडद्यावरची मिनिटं संपतात. कागद उशाखाली ठेवता येतो.

आता कामाचं. कॉलवर एकाने बोलावं, तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. बोलणं ऐकलं जाऊ शकतं, म्हणून केसचा तपशील वकिलासाठी ठेवा, पण "कोर्टात नेलं का? वकील भेटले का?" हे दर वेळी विचारा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, हेल्पलाइन १५१००. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला असेल, आधी कधीच कुठल्याही गुन्ह्यात दोषी ठरलेला नसेल तर एक तृतीयांश, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली सुटकेचा विचार होतो. अपवाद आहेत, वकिलाला विचारा. आणि पोस्टकार्ड टाकत राहा.

तुमच्याकडे स्मार्टफोन आहे, ईमेल आहे. मोहल्ल्यातल्या खालाकडे कदाचित नाही. दर रविवारी एक तास मोहल्ल्याच्या वाचनालयात बसा आणि ज्यांना हवा त्यांचा ई-मुलाकातीचा अर्ज भरून द्या. "काय केलं त्याने?" असं विचारू नका. ते काम कोर्टाचं आहे.

अम्मी आता 'पुणे' म्हणत नाही. शेजारणीचा मुलगा आत गेला तेव्हा अम्मीच तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "माझी मुलगी अर्ज भरून देते. चला."