अब्रू आणि कायदा
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात नववीत एक हुशार मुलगी होती. घरी एकच खोली, म्हणून शाळा सुटल्यावर ती सार्वजनिक वाचनालयात अभ्यासाला बसत असे. "ती रोज कुठे जाते, कुणास ठाऊक!" असे कुणीतरी म्हणाले. चार दिवसांत त्या वाक्याला शेपूट फुटले आणि वडिलांनी तिचे नाव शाळेतून काढले. स्टाफरूममध्ये ती कुजबूज मीही ऐकली होती आणि गप्प बसलो होतो. म्हणूनच आज हा विषय घेतला.

अब्रुनुकसानी हा आपल्याकडे फौजदारी गुन्हा आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत तो कलम ४९९ व ५०० मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. आता समाजसेवेची शिक्षाही देता येते. इंग्रजी कायदा लेखी आणि तोंडी बदनामीत भेद करतो, आपला फौजदारी कायदा करीत नाही. बोललेला शब्द, चिठ्ठी, खूण, चित्र, सारे एकाच कलमात येते.

"पण ते खरेच होते," असे म्हणून सुटका होत नाही. गोष्ट खरी हवी आणि ती सांगणे लोकहिताचेही हवे. मात्र याचा अर्थ अन्याय सोसून गप्प बसावे असा नव्हे. शिक्षकाविरुद्ध तक्रार असेल तर ती नीट खात्री करून, सद्भावनेने मुख्याध्यापकांकडे करा. अशा तक्रारीला कायद्याने संरक्षण दिले आहे. तीच गोष्ट चहाच्या टपरीवर सांगितली, तर हे संरक्षण मिळेलच असे नाही.

या गुन्ह्यात पोलीस आपणहून कारवाई करीत नाहीत. बदनामी झालेल्याने दंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद करावी लागते. गरीब बाप कोर्टाची पायरी चढेल कसा? आणि निकाल लागला तरी मुलीची गेलेली वर्षे परत येत नाहीत.

तेव्हा पालकहो, कुणी असे काही सांगू लागला, तर "तुम्ही स्वतः पाहिले का?" एवढे विचारा. आणि मुलीची शाळा बंद करण्यापूर्वी एकदा तिलाही विचारा. त्या मुलीला कुणीच विचारले नव्हते, मीही नाही.